दोष फुणक्यांचा नव्हता

आमच्या धामणगाव बढ्याकडे डाळी भिजवून, भरड वाटून त्यांचे मुटके वाफवतात आणि कढीसोबत खातात. त्यांना फुणके म्हणतात. बायकोचे फुणके खाल्ले की माझे पोट टम्म फुगायचे आणि मी पाहुण्यांसमोरच तिच्यावर ओरडायचो. शेवटी तिने ते करणे सोडले. तरी पोट फुगतच राहिले, तेव्हा मी वरणाला नावे ठेवू लागलो. जेवणावर घरच्या म्हशीचे पेलाभर दूध रोजचेच होते. पोट फुगले की ते शांत व्हावे म्हणून आणखी पेलाभर घ्यायचो.

यंदा डॉक्टरांनी ते दूधच बंद केले आणि पोट उतरले. मुलीकडे पोटभर फुणके खाल्ले, तरी काही झाले नाही. इतकी वर्षे मी औषध म्हणून दुखणेच पीत होतो! स्वतःचाच संताप आला. घरी येऊन बायकोला म्हटले, "उद्या फुणके कर."

"काऊन? आता नाही फुगत का तुमचं पोट?"

"ते दुधानं फुगत होतं."

"मंग ज्याइच्यासमोर मले बोलले, त्याइले पयले सांगून या. मंग करीन."

त्यांतले निम्मे आता हयात नाहीत. उरलेल्यांसाठी हे लिहितो आहे.