आत्याचं वाकडं चाक

सायकलचं चाक फिरताना रिम डावी-उजवीकडे डुलायला लागली, की चाकाला आउट आला म्हणतात. माझी आत्या हा आउट काढते. अठ्ठावीस वर्षं ती तेच करते आहे. चाक लोखंडी स्टँडवर चढवायचं, हळूच फिरवायचं आणि छोट्या पान्याने एकेक स्पोक पाव-पाव आटा आवळायचा नाहीतर सैल करायचा. डोळे रिमवर असले तरी खरं काम कान करतो. बोटाने छेडला की स्पोक वाजतो. ताठ स्पोक उंच वाजतो, सैल स्पोक खाली. पुढच्या चाकाचे छत्तीसच्या छत्तीस स्पोक एका सुरात वाजले, की समजायचं चाक सरळ झालं.

एवढं सविस्तर सांगावं लागतं, कारण त्याशिवाय आत्याचं दुसरं वेड कळणार नाही.

तिला पंक आवडतं, म्हणजे ते आरडाओरड्याचं रॉक संगीत. तेही दुकानात मिळणारं नव्हे. कोणीतरी स्वतःच्या स्वयंपाकघरात, नाहीतर घरातल्या माणसांना बाहेर काढून मधल्या खोलीत रेकॉर्ड केलेलं. ज्यांना गिटारवर तीनच कॉर्ड येतात आणि त्यातला तिसरा चुकतो, अशा लोकांचं. कव्हर झेरॉक्सचं, नावं हाताने लिहिलेली, एकूण प्रती चाळीस. त्यातही सायकलवाल्यांची गाणी म्हणजे तिचा जीव की प्राण. कोणी बादलीत चेन खळखळवून ताल धरतं, कोणी टायरमधली हवा सोडून त्याचा सूर लावतं. असले लोक फार तर तीन-चार असतील असा माझा समज होता. आत्याच्या कपाटात दोनशे अकरा कॅसेटी आहेत. तिचे कपडे दाराच्या खुंटीवर असतात.

"त्यातल्या अर्ध्या तर नुसत्या पंक्चर काढतानाच्या आवाजाच्या आहेत," माझे बाबा, म्हणजे तिचे थोरले भाऊ, जेवताना म्हणतात.

"अर्ध्या नाही रे दादा," आत्या ताटातून मान वर न करता सांगते. "सात."

या कॅसेटी तिला एकच माणूस पाठवतो. आम्ही त्याला कॅसेटवाला म्हणतो. तो लांबच्या एका गावात राहतो, घरीच प्रती काढतो आणि प्रत्येक पाकिटात चार ओळींची चिठ्ठी घालतो. एकोणीस वर्षांत दोघांनी एकमेकांना पाहिलेलं नाही. पण आत्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टरांच्या आधी त्याने विचारलं होतं, "सायकलवर कधी बसणार?"

यंदा त्याची चिठ्ठी आली ती वेगळीच होती. आता थकलो, शेवटची कॅसेट काढतोय, असं त्याने लिहिलं होतं. शेवटच्या कॅसेटवर बँडवाले नकोत, इतकी वर्षं ऐकणारे हवेत. प्रत्येकाने एक गाणं पाठवावं. फाइल नको, कॅसेटच. महिनाअखेरच्या शनिवारचा टपालाचा शिक्का चालेल, सोमवारचा चालणार नाही.

आत्याने ती चिठ्ठी तीन दिवस एप्रनच्या खिशात ठेवली. चौथ्या दिवशी तिने बँड काढला.

बँडमध्ये तिघं. आमच्या भागाचे पोस्टमन पंप वाजवतात. बाजूच्या शाळेतल्या गणिताच्या बाई गातात, म्हणजे ओरडतात. दिवसभर वर्गात ओरडून त्यांचा घसा तयार झालेला आहे. आणि आत्या चाक वाजवते. गाण्याचं नाव 'चढ'. शब्द एवढेच: "चढ आहे, चढ आहे, उतार कुठे आहे?" बाईंनी ते सायकलवरून शाळेत येताना केले.

चाकाची कल्पना आत्याची. छत्तीस स्पोक छत्तीस वेगवेगळ्या ताणांवर लावायचे, बाटलीचं प्लॅस्टिक कापून त्याची पट्टी स्टँडला बांधायची आणि चाक हाताने फिरवायचं. पट्टी एकेक स्पोक छेडत जाते आणि चाकाच्या एका फेरीत पूर्ण चाल वाजते. बोलायला सोपं आहे. पण एक स्पोक आवळला की शेजारचे दोन उतरतात, ते चढवावेत तर पहिला बिघडतो. मी इलेक्ट्रॉनिक्स शिकले आहे, म्हणून फोनवर प्रत्येक स्पोकचा सूर मोजून कागदावर लिहायचं काम माझ्याकडे आलं. ताण चौपट केला तर सूर दुप्पट होतो, हे मी तिला मोठ्या उत्साहाने समजावलं. ती म्हणाली, "हो का? मला वाटलं माझ्या बोटांनाच तसं वाटतं."

त्या चाकाला तीन आठवडे लागले. रोज काम आटोपल्यावर एक तास. शेवटी ते असं झालं की फिरताना एखाद्या माणसाला चक्कर आल्यासारखं दिसायचं. पण चाल लखलखीत वाजायची. रेकॉर्डिंग त्या शेवटच्या शनिवारी ठरलं, कारण बाईंची शाळा अर्धी आणि पोस्टमनची फेरी लवकर संपते. टपालाची पिशवी चारला बंद.

शनिवारी साडेबाराला रेकॉर्डर घेऊन मी आत्याच्या दुकानात पोचले. सकाळीच दुकान बंद करून हॉस्पिटलमधल्या एका नर्सबाईंची सायकल द्यायला गेलेली आत्याही तेव्हाच परत आली. दार उघडंच होतं. आत स्टुलावर मिस्त्री बसले होते.

मिस्त्री म्हणजे दुकानाचे मूळ मालक. आत्याला हे काम त्यांनी शिकवलं. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या हातांना कंप सुरू झाला आणि दुकान आत्याकडे आलं. एक किल्ली मात्र त्यांच्याकडेच होती. या दोन वर्षांत त्यांनी पान्याला हात लावला नव्हता. आज पाना त्यांच्या हातात होता, आणि समोर आत्याचं चाक फिरत होतं. अगदी स्थिर. पाण्यावर तेलाचा थेंब फिरावा तसं.

"ये," ते म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला होता. "दोन तास लागले. डोळ्यांना नीट दिसत नाही, हात ऐकत नाहीत. कानाने काढला आउट. बघ."

आत्याने एक स्पोक छेडला. मग पुढचा, त्याच्या पुढचा. टिंग, टिंग, टिंग. सगळे एका सुरात.

"कसं झालंय?" मिस्त्रींनी विचारलं.

"एक केसभरही आउट नाही," आत्या म्हणाली. खोटं नव्हतं ते.

तेवढ्यात पोस्टमन आणि बाई आले. पोस्टमननी चाकाकडे पाहिलं आणि तोंड उघडलं. आत्याने त्यांना दंडाला धरून बाहेर नेलं, मागोमाग आम्ही दोघी.

"आता?" बाई म्हणाल्या.

"हळू बोला."

"मी हळूच बोलतेय. आता?"

"चाक सोडा, नुसता पंप ठेवू," पोस्टमन म्हणाले.

"मग मी काय करू? टाळ्या वाजवू?" आत्याने कपाळावरचा घाम पुसला. "दोन वर्षांनी चाक केलंय त्यांनी. चेहरा पाहिलात ना? मी कोणत्या तोंडाने सांगू?"

"मग सांगू नका. कॅसेटवाल्याला कळवू, जमलं नाही," पोस्टमन म्हणाले. त्यांचा स्वर मऊ होता. एकोणीस वर्षं आत्या त्या माणसाची प्रत्येक कॅसेट ऐकत आली होती, आणि त्याने पहिल्यांदाच तिच्याकडे काही मागितलं होतं.

आतून मिस्त्रींनी हाक मारली. "कोणाचं आहे गं हे चाक? गिऱ्हाइकाला मी स्वतः देतो आज."

नर्सबाईंचं, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण दुकानात एक नियम आहे, मिस्त्रींनीच घातलेला. चाकाबद्दल खोटं बोलायचं नाही. शिकत असताना आत्याने एकदा कंटाळून, नीट न झालेलं चाक झालं म्हणून सांगितलं होतं. मिस्त्रींनी तिला तेव्हा ओरडून काही सांगितलं नाही. त्याच चाकावर तिला घरी जायला लावलं, उताराच्या रस्त्याने.

आत्या आत गेली आणि त्यांच्यासमोर उकिडवी बसली.

"मिस्त्री, ते गिऱ्हाइकाचं नाही. माझं आहे. मी मुद्दाम वाकडं केलं होतं."

"मुद्दाम?"

"गाण्यासाठी."

मिस्त्रींनी पाना मांडीवर ठेवला.

"किती दिवस करत होतीस?"

"तीन आठवडे."

मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत. ते हसत होते.

"मी सकाळी ते चाक पाहिलं," ते म्हणाले. "म्हटलं, हिचे डोळे गेले. नाहीतर कान. दार लावून घेतलं आतून. कोणी गिऱ्हाईक यायच्या आत सरळ करून टाकू, हिची अब्रू जायला नको. सांगणारही नव्हतो तुला. पण झालंच इतकं चांगलं की राहवलं नाही." त्यांनी डोळे पुसले. "आणि तू ते मुद्दाम केलंस. गाढव आहेस."

"हो," आत्या म्हणाली.

"कागद-बिगद आहे का काही? कुठला स्पोक किती?"

मी कागद पुढे केला. ते म्हणाले, मला आकडे नको दाखवू, सूर सांग. मी फोनवर सूर लावला तर म्हणाले, हे डासासारखं काय वाजतंय, बंद कर. मग आत्याच गुणगुणायला लागली. तीन आठवड्यांत तिला सगळे पाठ झाले होते. तिने पहिल्या स्पोकपासून सुरुवात केली. मिस्त्री शेजारी बसून तिने आधी लावलेल्या स्पोकवर कान ठेवायचे आणि "उतरला", "अजून पाव" एवढंच सांगायचे. मध्येच पाना मागून घ्यायचे. हात थरथरायचा, पण पाना स्पोकवर बसला की थांबायचा.

"आयुष्यभर लोकांची चाकं सरळ केली," ते पुटपुटत होते. "आणि म्हातारपणी हे."

पोस्टमन दर दहा मिनिटांनी घड्याळाकडे बघत होते. सव्वातीनला ते उठले. "आता नाही तर नाही."

एकवीस स्पोक लागले होते. पंधरा राहिले होते.

"होऊ दे," आत्या म्हणाली.

मी रेकॉर्डर सुरू केला. एकदाच वाजवायला वेळ होता. चाक फिरलं. एकवीस सुरांची चाल आली, अगदी हवी तशी, आणि मग पंधरा वेळा एकच सूर, टिंग टिंग टिंग. पुन्हा चाल, पुन्हा एकच सूर. बाईंना तिथे काय गावं कळेना, म्हणून त्यांनी त्या एका सुरावर "चढ चढ चढ चढ" लावून धरलं. पंप फुसफुसत होता. दीड मिनिट झालं असेल. रिम डुलत डुलत स्टँडला लागायला लागली, आणि मिस्त्रींना राहवलं नाही.

"घासतंय," ते म्हणाले. गिऱ्हाइकाला सांगतात तसं, शांतपणे.

गाणं तिथेच संपलं. पुसायला वेळ नव्हता, आणि आत्याला पुसायचंही नव्हतं. पोस्टमन पाकीट छातीशी धरून सुटले. चारला चार मिनिटं असताना शिक्का बसला.

दोन महिन्यांनी कॅसेट आली. दुसऱ्या बाजूला चौथं गाणं आमचं. कॅसेटवाल्याने 'चढ' हे नाव काढून 'घासतंय' असं छापलं होतं, त्यावर बाई आठवडाभर फणफणत होत्या. चिठ्ठीत एकच ओळ होती: "मधला पंधरा ठोक्यांचा भाग कोणाला सुचला?"

मिस्त्रींना ऐकवायला आत्याने टेपरेकॉर्डर दुकानात आणला. ते डोळे मिटून ऐकत राहिले. चाल वाजली तेव्हा त्यांनी नाक मुरडलं. मग तो एकच सूर सुरू झाला. ते बोटाने मांडीवर मोजत होते, पंधरापर्यंत.

"हे माझे," ते म्हणाले.

"हो. तुमचे."

शेवटी त्यांचाच आवाज आला. त्यांनी परत लावायला सांगितलं. तीनदा ऐकून झाल्यावर विचारलं, "अजून एक प्रत मिळेल का गं? बहिणीला पाठवतो."

"त्यांना असलं आवडतं?" आत्याने विचारलं.

"छे," मिस्त्री म्हणाले. "अजिबात नाही."