खोड आधी सांगणारे मामा

काशिनाथमामा विकायच्या वस्तूबद्दल चांगलं कधी आधी बोलत नसत. म्हसा गावच्या जत्रेत ते बैलांचे सौदे जुळवून द्यायचे. मी सात-आठ वर्षांची असताना त्यांच्याबरोबर गेले होते. एका माणसाला पांढरा खोंड फार आवडला. त्याने पाठीवरून हात फिरवला, तोच मामा म्हणाले, "थांब. आधी खोड ऐक. ह्यो पाण्याला बुजतो. वाटंवर ओढा असंल तर नको घेऊस." त्याच्या वाटेवर ओढा होता. तो निघून गेला. खोंडाचा मालक मामांना नको नको ते बोलला आणि मामा तंबाखू मळत शांतपणे ऐकत राहिले.

मामा माझ्या आईचे थोरले भाऊ. राहायला शहापूरला, बाजाराच्या मागे. आमचं गाव मुरबाड तालुक्यात. बारावीनंतर मला पुढे शिकवायला वडील तयार नव्हते, तेव्हा मामा माझी बाजू मांडायला आले. म्हणाले, "पोर हट्टी हाय. उलट बोलते. सैपाकात मन नाय. घरात ठेवलीस तर तुलाच तरास. माझ्याकडं दे, शिकंल." मी दाराआड रडत होते. वडील मात्र लगेच हो म्हणाले. मामांच्या घरी राहून मी पदवी घेतली. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलेलं नव्हतं. हे आधीच सांगते, कारण पुढे मी त्यांच्यावर चिडले तेवढी कोणावरच चिडलेली नाही.

कल्याणची नोकरी सोडून मी शहापूरला मामांच्या घराजवळ खोली घेतली आणि बांबूच्या वस्तूंचं ऑनलाइन दुकान काढलं. सुपं, टोपल्या, तांदूळ धुवायच्या रोवळ्या. म्हशाजवळच्या एका पाड्यावरची चार घरं त्या विणत. माझ्या शब्दावर त्यांनी नेहमीच्या व्यापाऱ्याला माल देणं बंद केलं आणि व्यापारी रागाने दुसऱ्या पाड्यावर गेला. दुकान चाललं नाही तर मला पुन्हा नोकरी मिळाली असती. त्या चार घरांना परत जायला जागा नव्हती.

आणि दुकान चालत नव्हतं. व्हिडिओ बघून मी सगळं शिकले होते. फोटोमागे पांढरा कागद, नावात लोक शोधतात ते शब्द, रोज एक पोस्ट. प्रत्येक वस्तूखाली मी 'अस्सल', 'टिकाऊ', 'उत्कृष्ट' लिहीत होते. दिवसाला नऊ-दहा लोक डोकावत. त्यातली एक मी आणि एक माझा भाऊ.

पार्सल बांधायचं काम मामांनी आपणहून घेतलं होतं. एकदा पुण्याहून एका बाईंचा फोन आला. सूप मिळालं, पण आतली चिठ्ठी तुम्हीच लिहिली का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, कसली चिठ्ठी? त्यांनी वाचून दाखवली. 'डाव्या कडेची वीण ढिली आहे. तांदूळ पाखडायला चालेल, नाचणी सांडेल.' मामा गेले दोन महिने प्रत्येक पार्सलात अशी चिठ्ठी घालत होते.

मी खूप बोलले. एवढी मेहनत करून मी गिऱ्हाईक आणते आणि तुम्ही त्याला घालवता, म्हटलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्या बाईनं सूप परत पाठवलं का?" पाठवलं नव्हतं. त्याने मी आणखीच चिडले. म्हटलं, मामा, नेटवर अशी हजार दुकानं आहेत. सगळे आपला माल चांगलाच म्हणतात.

"मंग तूबी तेच लिवलंस, तर हजारात तुझं कुठचं ते कोनाला कळंल गो?"

हेच वाक्य शिकवायला एका व्हिडिओतल्या माणसाने तासभर घेतला होता. ते मामांच्या तोंडून ऐकायची माझी तयारी नव्हती.

दसऱ्यापर्यंत घरात टोपल्यांची चळत छताला लागली. पाड्यावरची जानकी नवीन माल घेऊन आली आणि ठेवायला जागा न दिसल्यावर तो मांडीवर घेऊन उंबऱ्यावर बसली. त्या दिवशी मी हार मानली. मामांच्या हातात रोवळी दिली आणि फोन समोर धरला. म्हटलं, काढा खोड. मामांनी रोवळी उलटी केली, बुडाला अंगठा दाबला आणि कॅमेऱ्याकडे न बघता म्हणाले, "बूड एका अंगाला कललंय. ओट्यावर डुगडुगंल. तांदूळ मात्र एक खाली पडायचा नाय."

तो व्हिडिओ मी दुकानावर टाकला आणि लोक आले. आधी हसायला आले, मग विचारायला. आज मामांनी काय काढलं, हे बघायला काही जण रोज येऊ लागले. ज्या वस्तूला मामा जास्त नावं ठेवत ती आधी जायची. माझे पांढऱ्या कागदावरचे फोटो कोणी बघत नव्हतं. दुकान चाललं याचा आनंद आणि असं चाललं याचा राग, दोन्ही मला एकदम होत होते. त्यातून मामांना घाई ठाऊक नव्हती. एका टोपलीला अर्धा तास. ही कोणी विणली, बांबू कधी तोडला, सगळं जानकीला विचारून झाल्याशिवाय तोंड उघडत नसत.

दिवाळीच्या तोंडावर मुंबईच्या एका कंपनीकडून भेट म्हणून वाटायला चाळीस टोपल्यांची मागणी आली. मामांनी त्यातली एक उचलली आणि व्हिडिओत सांगून टाकलं, "हा बांबू चांदण्याच्या पंधरवड्यात तोडलाय. भुंगा लागंल. होळीच्या आत पीठ पडंल."

व्हिडिओ संपल्यावर मी त्यांच्याशी भांडले. जानकीच्या घरची दिवाळी याच टोपल्यांवर होती. मामांचं म्हणणं एवढंच होतं, की त्यांना सांग आणि घेतील तर घेऊ दे. मी बांबूबद्दलचं तेवढं बोलणं कापलं, उरलेला व्हिडिओ टाकला आणि टोपल्या पाठवल्या. चिठ्ठ्यांशिवाय. मामांनी दोन दिवसांनी व्हिडिओ पाहिला. दुसऱ्या दिवसापासून ते पार्सल बांधायला आले नाहीत.

होळीच्या आधीच टोपल्यांखाली पिवळं पीठ पडलं. मुंबईहून फोटो आले, दुकानाच्या पानावर शिव्या आल्या. मी मामांकडे गेले. थंडीत आजारी पडल्यापासून ते अंथरुणाला खिळले होते. आता ते मला बोलतील म्हणून मी मान खाली घालून बसले. ते बोलले नाहीत. ज्यांच्या घरी टोपल्या गेल्या त्यांचे नंबर मिळवायला सांगितले आणि म्हणाले, "हितं बसून लाव फोन. मी ऐकतो."

चार दिवस मी त्यांच्या खाटेशी बसून फोन केले. बांबू चुकीच्या वेळी तोडलेला होता, मला ते माहीत होतं, मी सांगितलं नाही. हे वाक्य पहिल्यांदा म्हणायला मला फार वेळ लागला. विसाव्या फोनपर्यंत ते सरळ निघायला लागलं. काहींनी फोन आपटला. बाकीच्यांनी नव्या टोपल्या चालतील म्हणून सांगितलं. जानकीने त्या अंधाऱ्या पंधरवड्यातल्या बांबूच्या विणून दिल्या.

मामा भाद्रपदात गेले. ही बातमी दुकानावर टाकली असती तर कधी नव्हे एवढे लोक आले असते, हे मला पक्कं माहीत होतं. एक रात्र मी मजकूर लिहून ठेवला. सकाळी पुसला.

त्यांचे व्हिडिओ आहेत तसेच आहेत. ते बघून लोक फोन करतात आणि मामा कुठे आहेत, असं विचारतात. विचारणाऱ्याला मी सांगते. मग मी त्याने मागितलेली टोपली हातात घेते, उलटी करते आणि तिच्यात काय कमी आहे ते सांगायला लागते.