दोन हाका

"ओ!" असं ते चालता चालता मध्येच म्हणायचे आणि थांबायचे. मान थोडी तिरकी, एक पाय दगडावर, अंगठे सॅकच्या पट्ट्यांत अडकवलेले. हाक कुणीच मारलेली नसायची. आम्ही पुढे निघून गेलो तरी ते जरा वेळ तसेच उभे राहायचे, मग "नाय, काय नाय, चला" म्हणत मागून यायचे.

अशी सवय असलेलं माणूस तुम्हीही पाहिलं असेल. वय झालं की कुणाला दार वाजल्याचा भास होतो, कुणाला कुकरची शिट्टी ऐकू येते. आम्हीही आधी तसंच समजलो आणि हसलो. आमच्या डोंगरभटक्या टोळीचा म्होरक्या नीलेश, रोह्याच्या कॉलेजात शिकवतो, तो म्हणायचा, "आपली रेंज जाते तिथं दादांना फोन यायला लागतात."

दादा रोह्याजवळ वरसेला आमच्याच बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर एकटे राहायचे. मूळचे पेणच्या खाडीकडचे, मिठागरावर राबणाऱ्या घरातले. डोलवीला कंपनीत फिटर होते. पन्नाशी उलटलेली, अंगाने सडपातळ, चालणं मात्र बैलासारखं, संथ आणि न थकणारं. एकदा मी जिन्यात माझी सॅक झटकत होते. ते वर जाता जाता थबकले.

"डोंगरात जातेस काय गो?"

"हो. तुम्ही येता?"

त्यांनी इतका विचार केला की मला वाटलं, ऐकूच गेलं नाही. मग म्हणाले, "येतो. पन मागं चालणार मी. सगल्यांच्या मागं."

तेव्हापासून ते आमच्याबरोबर येऊ लागले. मागच्या हिवाळ्यात आम्ही मोठी चाल ठरवली. खांबवरून सुरगड, तिथून सुधागड, सवाष्णीच्या घाटाने वर तेलबैल्याला, मग घाटमाथ्याच्या कडेकडेने दक्षिणेला सरकत भिऱ्याला खाली उतरायचं. आठवडाभर पाठीवर घर.

अशा चालीत माणूस जेवढा कळतो तेवढा शेजारी राहून कळत नाही. सकाळी दवाने भिजलेला तंबू कोण न कुरकुरता घडी करतं, पाणी कमी असलं की कोण आधी तोंड लावतं, दुपारच्या चढावर कुणाची बडबड बंद होते, हे सगळं दिसतं. दादा पहाटे सगळ्यांच्या आधी उठायचे. ओले मोजे सॅकवर पिनांनी अडकवायचे. संध्याकाळी खोबरेल काढून आमच्या पायांचे फोड बघायचे आणि फोडाला सुई कधी लावायची, कधी नाही, यावर भांडायचे. त्यांच्या पिशवीत सुकट असायची. खिचडीबरोबर ती भाजली की जवळच्या वाडीतली कुत्रीसुद्धा आमच्याबरोबर जेवायला बसायची.

दोन गोष्टींनी मात्र ते आम्हाला छळत. एक म्हणजे गॅस. छोट्या शेगडीचा फुस्स आवाज त्यांना सहन होत नसे. ते हळूच ज्योत बारीक करत. चहाला उकळी येता येत नसे आणि नीलेश वैतागून कप वाजवत बसे. दुसरी गोष्ट कानांची. डिसेंबरची थंडी, वारा कापत जायचा, आम्ही सगळे कानटोप्यांत. दादांचे कान उघडे, लाल झालेले. मी माझी जादा टोपी पुढे केली की म्हणत, "नको. टोपी घातली की गुदमरतो मी."

गुदमरतं ते नाक, कान नव्हे, हे मला तेव्हा सुचलं नाही.

सुधागडावर भोराईच्या देवळाच्या पायऱ्यांवर आम्ही तांदूळ निवडत बसलो होतो. ऊन कलायला लागलं होतं. बाकीचे टाक्यावर पाणी भरायला गेलेले. दादांनी मध्येच मान वर केली. "ओ!"

या खेपेला मी सरळ विचारलं, "दादा, कोण मारतं हाक?"

त्यांनी ताटली खाली ठेवली. तांदळातून बोट फिरवलं. मग सांगितलं.

मिठागराच्या बांधावर त्यांचा बाप संध्याकाळचा काम करायचा. पोरांना त्याची एक शिकवण होती : दिवेलागणीला कुणी हाक मारली तर लगेच ओ द्यायची नाही. खाडीतलं जे असतं ते दोनदाच हाक मारतं. तिसऱ्यांदा मारतो तो माणूस. ही सवय दादांच्या हाडात गेली. कंपनीत लागले तरी गेली नाही. त्यांचा तिथं एक जोडीदार होता, एकच खातं, एकच शिफ्ट. तो त्यांना मुद्दाम ओळीने तीन हाका मारायचा आणि तिसरीला ओ मिळाली की सगळ्या खात्याला ऐकू जाईल असा हसायचा. दोघं सुट्टीच्या दिवशी रोह्याच्या आसपासचे डोंगर पायाखाली घालायचे.

"एकदा असंच बसलो व्हतो वर. दमलो व्हतो. मी पिशवी डोक्याखाली घेऊन आडवा झालो. तो पान्याला गेला घळीकडं. सांज झाली व्हती. त्यानं हाक मारली. मी गप. परत मारली." दादांनी तांदळातला एक खडा उचलून फेकला. "मना हसूच आलं. बोललो, मार, तिसरी मार, मंग बघतो."

खालून माणसांचे आवाज आले. पाणी घेऊन मंडळी परत येत होती.

"तिसरी आलीच नाय. मी पडून राहिलो. मंग उठलो, गेलो. तो खाली व्हता. कातळावर." ते ताटली पुन्हा हातात घेत म्हणाले, "त्याला म्हाईत व्हतं ना गो. इतक्या वर्सांचं म्हाईत व्हतं. तिसरी मारायला पायजे व्हती त्यानं."

शेवटचं वाक्य ते रागाने बोलले. मेलेल्या मित्रावरचा इतका ताजा राग मी कधी पाहिला नव्हता. मग आवाज खाली आणून म्हणाले, "तसं वारं बी व्हतं त्या दिवशी. नीट ऐकू आलंच नसंल. मना वाटतं, भासच झाला आसंल."

त्या एका वाक्यावर हा माणूस तगून होता, हे मला दोन दिवसांनी कळलं.

सवाष्णीचा घाट चढून आम्ही माथ्यावर आलो. तेलबैल्याला मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो तर धुकं इतकं की पुढच्याची सॅकसुद्धा दिसेना. डाव्या हाताला रान, उजव्या हाताला कोकणात कोसळणारा कडा. आम्ही एकमेकांना धरून चालावं तसे चाललो होतो. मागून "ओ!" ऐकू आलं. कुणी लक्ष दिलं नाही. लगेच दुसऱ्यांदा, मोठ्याने, "ओ! आलो, आलो!" आणि सॅक धप्पकन पडल्याचा आवाज. वळून बघते तर दादा वाट सोडून डावीकडच्या कारवीच्या झुडपांत घुसलेले.

"दादा, थांबा! तिकडं वाट नाही!" नीलेश ओरडला आणि मागे धावला. मीही धावले. खरं सांगते, माझ्या मनात हेच आलं की आज यांच्या डोक्यावर परिणाम झाला. आता हे कुठल्या तरी घळीत उडी घेणार.

ते घळीच्या काठावर पालथे पडले होते आणि खाली हात सोडून बोलत होते. "हलू नको. हलू नको गो बाय. आलो ना मी."

खाली पाचोळ्यात एक धनगर बाई पडली होती. लाकडं आणायला निघालेली, धुक्यात पाय चुकला. घोट्याचं हाड मोडलं होतं, ओठ निळे पडले होते. आम्ही दोर लावला, तंबूच्या काठ्यांनी तिचा पाय बांधला, चादरीची झोळी केली आणि धुक्यातून तिला तिच्या धनगरवाड्यावर नेलं. तिच्या मुलाने जीप मागवली. जीप यायच्या आत त्या घरच्यांनी आम्हाला गरम दूध दिलं. कुणाकुणाच्या डोळ्यांत पाणी होतं. नीलेशने तर दादांना मिठीच मारली.

"केव्हापासून ओरडत होतीस, मावशी?" मी त्या बाईला विचारलं.

"कुठलं वरडायला व्हतंय? दोनदा हाक मारली. मग घसाच बसला. म्हटलं, आता कोण येतंय."

दादांच्या हातात दुधाचा पेला होता. तो त्यांनी तसाच जमिनीवर ठेवला आणि बाहेर गेले.

मी त्यांच्या मागे गेले. गोठ्याच्या कुडाला टेकून उभे होते. धुकं विरत चाललं होतं, खाली कोकण दिसायला लागलं होतं, पार लांबवर.

"दादा, तुमच्यामुळे जीव वाचला तिचा," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

"दोन हाकांत ऐकू आलं गो."

"मग? चांगलंच झालं की."

"एवढ्या धुक्यात. बाईमाणसाचा बारीक आवाज. तुम्हा कुनाला नाय आला, मना आला." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ते डोळे मला अजून दिसतात. "मंग त्या दिवशी बी आलंच व्हतं की. वारं नव्हतं. भास नव्हता. साफ ऐकू आलं व्हतं. आता काय बोलू मी?"

तुमच्याकडे याचं उत्तर असेल तर मलाही सांगा.

निघताना त्यांनी स्वतःहून माझी जादा कानटोपी मागून घेतली आणि भुवयांपर्यंत खाली ओढली. भिऱ्याला उतरेपर्यंत ती काढली नाही. पुढच्या मुक्कामांत गॅस पूर्ण फुस्स जळायचा आणि चहा झटकन व्हायचा. मागून ओ येणं बंद झालं. बाकीच्यांना बरं वाटलं. मी मात्र दर वळणावर थांबून मागे बघत होते, ते येताहेत ना म्हणून.

महिन्याभरातच त्यांनी वरसेची जागा सोडली. डोलवीत, अगदी हायवेला लागून खोली घेतली. मी म्हटलं, "दादा, तिथं दिवसभर ट्रेलर, कंपनीचा आवाज, धूळ. इथं किती शांत आहे!"

"म्हनूनच," एवढंच म्हणाले.

उन्हाळ्याच्या तोंडाला पेणला माझं काम निघालं. कडवे वाल त्यांना फार आवडायचे, म्हणून पिशवीभर घेतले आणि परतताना डोलवीला उतरले. चाळीसारख्या खोल्या होत्या. रस्त्यावरून लोखंड लादलेले ट्रेलर एकामागून एक जात होते. पायाखालची फरशी हलत होती. स्वतःचं बोलणंही ऐकू येईना. शेजारची बाई दारात कपडे पिळत होती. तिने ओरडून सांगितलं, "शिफ्टवरून आलेत. झोपलेत. हाक मारा, उठतील!"

खिडकी उघडी होती. दादा चटईवर आडवे होते. पुढे पावसाळ्यात ते ती खोलीही सोडून गेले. कुठे, ते त्या बाईला सांगता आलं नाही, कंपनीतल्यांनाही नाही. त्यांचा फोन लागत नाही. म्हणजे मी त्यांना पाहिलं ते त्या दुपारीच शेवटचं.

एक ट्रेलर गेला, दुसरा आला. कोनाड्यातले पेले एकमेकांवर किणकिणत होते. दादांचं तोंड किंचित उघडं होतं, एक हात छातीवर, दुसरा चटईबाहेर सैल पडलेला. डोंगरात त्यांच्यासोबत इतके मुक्काम केले, पण त्यांना असं झोपलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. तिथे पान हललं तरी ते उठून बसायचे.

"मारा की हाक," ती बाई पुन्हा ओरडली.

"नको," मी म्हटलं. वालाची पिशवी तिच्या हातात दिली आणि जरा वेळ खिडकीपाशी उभी राहिले.