मढच्या किनाऱ्यावरचं काकण

चहा संपायच्या आत सांगून टाकतो, नाहीतर पुन्हा धीर व्हायचा नाही!

पंच्याऐंशीच्या आसपासची गोष्ट. समुद्री गरुड कमी होत चालले होते, म्हणून आम्ही काही मित्र सुट्टीच्या दिवशी किनाऱ्यावरच्या त्यांच्या घरट्यांची पाहणी करायचो. माझ्या वाट्याला मालाडपलीकडचं मढ आलं. आमच्या रत्नागिरीकडे या पक्ष्याला 'काकण' म्हणतात. मढला म्हणत नाहीत, हे मला कोणी सांगायचं?

कोळीवाड्याबाहेर बारकीबाई नावाच्या एक कोळीणबाई बोंबील सुकत घालत होत्या. विचारलं, "मावशी, इथे काकण दिसलं का हो?"

त्या थबकल्या. "कवा गेलं?"

"पूर्वी दोन जोड्या होत्या. आता एकच उरलीय म्हणतात."

"अगं बाय! घरी बाईचा जीव थाऱ्यावर नसंल."

"माझीच झोप उडालीय, मावशी!" अगदी खरं बोललो हो मी! "त्या सुरूच्या उंच झाडावर, घरट्यात असेल."

"म्हंजे घारीनं नेलं!" त्यांनी दिराला हाक मारली, "नाथा, धाव रं! पावण्याच्या बायकोचं काकण गेलं!"

मी काही बोलणार, तोवर आसपासच्या बायका मासळी टाकून वाळूत वाकल्यासुद्धा! त्यांचे कळवळलेले चेहरे बघून माझी जीभच उचलेना. मग काय केलं असेल मी? मीही वाकलो. वाळू उकरू लागलो!

तेवढ्यात सुरूच्या शेंड्यावरून नाथा ओरडला, "काकण नाय! दोन अंडी हायत!"

माणूस घरट्याशी गेला, की हा पक्षी कधी कधी अंडी टाकून कायमचा निघून जातो.

"हात लावू नका! उतरा खाली!" मी किंचाळलो. "काकणाचीच आहेत ती!"

बारकीबाईंनी हळूच विचारलं, "काकण अंडी देतंय?"

मग सगळं सांगितलं. कोणी हसलं नाही.

"अरं देवा," त्या म्हणाल्या, "पांढऱ्या पोटाचा तो मोठा पक्षी ना? तुमी वाळू उकरत होता, तवा तुमच्या डोक्यावरनंच गेला."

आम्ही सगळे होड्यांआड जाऊन बसलो. ऊन चढलं. पोरंबाळंसुद्धा हूं की चूं करेनात. पक्षी परतलाच नाही तर? इथलं शेवटचं घरटं, आणि ते शोधायला येऊन मीच मोडलं?

"आली!" बारकीबाई पुटपुटल्या.

मी घाईघाईने दुर्बीण डोळ्यांना लावली. काचांवर नुसती वाळू! सदऱ्याने पुसेपर्यंत मादी घरट्यात, पार पानांआड.

"बसली अंड्यांवर," नाथा म्हणाला, आणि बायकांनी हात जोडले.

अख्ख्या किनाऱ्यावर तिला न पाहिलेला एकच माणूस होता. पाहणीला आलेला!