सदाशिवरावांची पलटण आणि धावजीचा तांडा

पांढरकवड्यात सदाशिवराव डहाके म्हटलं तर लोक विचारात पडतात, पण 'चित्रकलेचे सर' म्हटलं की पानठेलेवालासुद्धा घरापर्यंत आणून सोडतो. एकतीस वर्षं त्यांनी पोरांकडून केळं, पेरू आणि सूर्योदय काढून घेतला. सेवानिवृत्त झाले तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता हा माणूस देवळात बसेल नाहीतर पेपर वाचेल. त्यांनी नळाची गळती बुजवायची पुट्टी आणली आणि अंगठ्याच्या पेराएवढे शिपाई करायला घेतले.

पुण्यात नोकरीला असलेल्या त्यांच्या पुतण्याने, अमरने, फोनवर एक खेळ दाखवला होता. टेबलावर डोंगर-नदी मांडायची, चिमुकले शिपाई उभे करायचे, फासे टाकायचे आणि जुन्या काळातली एखादी चकमक खेळायची. सरांना ते वेड लागलं. दिवाणखान्यात दोन ट्रंकांवर जुन्या दाराची फळी आली. थर्माकोलची टेकडी, निळ्या रेक्झिनची नदी, झाडायच्या फड्याच्या काड्यांचं जंगल. एका बाजूला गोऱ्या सायबाची पलटण, दुसऱ्या बाजूला जंगलातले गोंड तिरंदाज. लढाई कुठल्या इतिहासात नव्हती, घाट आणि टेकडी दोन्ही सरांच्याच डोक्यातली.

खेळायला तिघं यायचे. हायवेवर ट्रक दुरुस्त करणारा कलीम तिरंदाजांच्या बाजूने. सरांची जुनी विद्यार्थिनी, आता कॉलेजात शिकवणारी अर्पिता, पलटणीचा सायेब. सायेब व्हायला कोणी तयार नव्हतं, तेव्हा ती म्हणाली होती, "द्या मले. मी रोज साठ पोरांवर ओरडतो, सवय आहे." आणि तिसरे धावजी राठोड, यष्टीचे निवृत्त ड्रायव्हर, सरांचे तीस वर्षांचे सोबती. धावजी बंजारा समाजाचे. त्यांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर धान्य, मीठ लादून मुलूखभर हिंडायचे. म्हणून सरांनी मोठ्या हौसेने फळीवर एक तांडाही ठेवला. तान्ह्या पोळ्याला लहान पोरं मिरवतात तसले, पण बोटभर, लाकडी बैल बाजारातून आणले. त्यांच्या पाठीवरच्या चिंचोक्याएवढ्या गोण्या सरांच्या बायकोने, बेबीताईंनी, जुन्या लुगड्याच्या काठातून शिवल्या आणि आत मोहरी भरली. स्वतः सर खेळत नसत. ते पंच.

आणि पंचाजवळ नियम हवेत. तिथंच घोडं अडलं.

अमरने एक इंग्रजी नियमावली पाठवली होती. सरांचं शिक्षण मराठी शाळेतलं, पण माणूस चिकट. शब्दकोश घेऊन चार महिने बसले आणि दोनशे पानी रजिस्टरात सगळं मराठीत उतरवलं. लाल शाईत मथळे, निळ्या शाईत मजकूर, पट्टीने आखलेले तक्ते. वारा कुठून वाहतो, दारू ओली झाली का, शिपाई किती घाबरला, सगळ्याला फासा. त्या रजिस्टराला ते उदबत्ती ओवाळायचेच काय ते बाकी होते.

कलीमने मात्र कॅलेंडरच्या पाठीवर स्वतःचे अकरा नियम लिहून आणले होते. फळीवर ज्याच्या बाहुल्या, त्याच्या नावाने कॅटमधला एक पत्ता डब्यात. डबा हलवायचा, ज्याचा पत्ता निघेल त्याने चाल करायची. अंतर इंचात नाही, बोटात.

"सर, नाराज नका होऊ," तो म्हणायचा, "पण तुमच्या बुकात एक गोळी सुटेपर्यंत मी दोन ट्रकचे क्लच बसवतो."

"लढाई म्हणजे क्लच नाही, कलीम. बारकावा पाहिजे."

इथपर्यंत सगळं हसतखेळत होतं. पण मागल्या रविवारी धावजी मधेच उठले. सरांच्या रजिस्टरात एकेचाळिसाव्या पानावर तांडा 'सामान' या मथळ्याखाली होता. सामानाला स्वतःची चाल नाही. दर फेरीला तांडा सहा इंच रस्त्याने सरकायचा, तोही पंचाच्या हाताने. जो आधी पोचेल त्याने तो ताब्यात घ्यायचा. धावजी चार रविवार नुसते चहा पीत पाहत बसले होते.

"मास्तर," ते चपला घालत म्हणाले, "तीस वर्षं यष्टीचं स्टेअरिंग माह्या हातात होतं. इथं तुमी मले टपावरचं सामान करून ठेवलं. पोळ्याच्या दिवशी येतो. त्या दिवशी कायचे नियम ते ठरवा. पुन्हा असंच असलं तं माहा रामराम."

सरांना त्या रात्रीपासून जेवण गोड लागेना. शाळा सुटल्यावर त्यांच्या आठवड्याला रविवार हा एकच वार उरला होता, आणि धावजीशिवाय रविवार म्हणजे देवाशिवाय देव्हारा. पण रजिस्टर सोडायचं म्हणजे चार महिने पाण्यात. त्यांनी 'सामान'च्या खाली दोन पोटनियम जोडून पाहिले. उपयोग नव्हता. तांडा होता तिथंच होता, फक्त नियम लांबला.

पोळ्याच्या सकाळी हायवे सुना, म्हणून कलीम मोकळा. कॉलेजला सुटी. धावजींचा मुलगा बैल धुवायला नाल्यावर गेलेला, म्हणून तेही आले, पण खुर्ची भिंतीजवळ ओढून लांब बसले. स्वयंपाकघरातून पुरणाचा वास येत होता.

"आधी रजिस्टरने खेळू, मग कलीमच्या कागदाने. मग मत," सर म्हणाले.

"ज्यात मी माणूस, त्यात माह्यं मत," धावजी म्हणाले.

सरांनी पट्टी लावली, लाकडी बैलांची रांग सहा इंच पुढे सरकवली. तेवढ्यात बेबीताई हळदीकुंकवाचं ताट घेऊन आल्या. फळीकडे पाहून थबकल्या.

"हे काय करून राह्यले तुमी?"

"काय झालं?"

"आज पोळा आहे ना. आज बैलाच्या पाठीवर ओझं?"

सर हसले. "अवं, लाकडाचे आहेत ते."

"असू दे. काल लोणी-हळदीनं खांदे मळले मी ह्यांचे. 'आज आवतन घ्या, उद्या जेवाले या' म्हटलं. जेवाले बोलावलं अन् कामाले जुंपलं, असं कोणी करते का?"

कलीमने तोंडावर हात धरला. अर्पिता म्हणाली, "काकू, पलटण उपाशी आहे हो. धान्य पोचलं पाहिजे."

"तुही पलटण उद्या जेवंल. एक दिवसानं मरत नाही कोणी."

बेबीताईंनी फळीवर वाकून एकेका बैलाच्या पाठीवरची गोणी अलगद काढली, रेक्झिनच्या नदीकाठी रचून ठेवली. बारा बैलांना कुंकवाचा ठिपका लावला, पुरणाचा कण समोर ठेवला, हात जोडले आणि आत गेल्या. त्यांच्या लेखी हा खेळ नव्हता.

अर्पिताची पलटण घाटात उभी, कलीमचे तिरंदाज टेकडीवर, आणि मधे तांडा पोळ्याची सुटी घेऊन बसलेला.

"सर, आता?" अर्पिताने विचारलं.

सरांनी रजिस्टर उघडलं. नदीला पूर आला तर फासा होता. घोडा लंगडला तर फासा होता. बैल दगावला तर तक्ता होता. पण तांडा 'जात नाही' म्हणाला तर काय, हे एकशे चौदा पानांत कुठंच नव्हतं. त्यांनी दोनदा चाळलं. मग चष्मा काढून पुसला.

अर्पिताला काही सुचलं. तिने आपला सायेब उचलला आणि एकटाच पलटणीतून काढून तांड्यासमोर आणून ठेवला. धावजींकडे वळून, तांड्याच्या मुखियाला हाक मारावी तसं म्हणाली, "नायकजी, धान्य घेऊन चलता का? पलटण उपाशी आहे."

धावजींनी भिंतीजवळूनच मान हलवली. "आज बैल चालत नाही. सायबाले सांग, उद्या ये."

"मी हुकूम देतो!"

"हुकूम तुह्या शिपायाले दे. बैल माहे आहेत."

कलीम उडालाच. "अन् नायकजी, जंगलाकडून कोणी विचारलं तं? आमचे लोकही भुकेले आहेत."

"तू कसा विचारतो त्यावर आहे. मीठ पाहिजे का धान्य?" बोलता बोलता धावजींची खुर्ची भिंत सोडून फळीला येऊन टेकली. कोणाच्या लक्षात आलं नाही. सरांच्या आलं.

पुढचा अर्धा तास एकही गोळी सुटली नाही, एकही बाण सुटला नाही. सायेब आणि तिरंदाज दोघंही आळीपाळीने नायकाची मनधरणी करत होते, आणि धावजी दोघांना झुलवत होते. "सायेब, तुह्या शिपायानं मागल्या खेपेले आमच्या बैलाले दगड मारलता, पाहिलं मी." "कधी?" "चौथ्या रविवारी. तुह्या कोपराचा धक्का लागलता." कलीम तर हसून हसून ट्रंकेवर बसला. फळी कलली, अर्धी पलटण नदीत पडली, तेव्हाच सगळे भानावर आले.

सर शिपाई उचलत होते. उचलता उचलता म्हणाले, "कलीम, तुझा कागद आण."

"सर, मत तं घ्या."

"मत झालं. तुझ्या कागदात ज्याची बाहुली त्याचा पत्ता आहे. माझ्या वहीत 'नाही' म्हणणाऱ्याला जागाच नाही." त्यांनी एक शिपाई परत घाटात उभा केला. "चार महिने लिहिलं, पण एकदाही मनात आलं नाही."

धावजी खाली मान घालून बैल सरळ करत होते. "मास्तर, अक्षर तं लय सुंदर आहे तुमचं," ते म्हणाले.

"अक्षर सुंदर असून काय करता. केळं चुकीचं काढून सुंदर रंगवलं तरी मी पोरांना भोपळाच देत होतो."

कॅलेंडरच्या पाठीवर सरांनी स्वतः बारावा नियम लिहिला: तांडा स्वतःच्या मर्जीने चालेल, चालायचं की नाही, कोणाबरोबर, हे नायक ठरवेल. धावजींनी तो मोठ्याने वाचला आणि म्हणाले, "पोळ्याचंही टाका. नाहीतर पुढल्या वर्षी पुन्हा वहिनीले ताट घेऊन यावं लागंल." तेही टाकलं.

आतून बेबीताईंनी जेवायला हाक मारली. कलीम हात धुवायला गेला, अर्पिता पानं मांडायला. सरांनी धावजींच्या ताटात स्वतः पोळी वाढली, वर तुपाची धार सोडली आणि न राहवून विचारलं, "मग रविवारी येता ना, धावजीभाऊ?"

"मी तं येतो," धावजी घास मोडत म्हणाले. "नायकाचं काही सांगता येत नाही. त्याले येऊन विचारा."