पदर घेतलेलं भूत

तळेगावहून नऊला निघायचं ठरलं होतं, म्हणजे मंदाची गाडी साडेदहाला हलली. आम्ही तिघी एकाच शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. वर्षातून एकदा कुठेतरी जाऊन जुने, स्वस्तातले भुताचे सिनेमे बघतो आणि पोटभर हसतो. नातेवाइकांना वाटतं, आम्ही देवदर्शनाला जातो. यंदा कुसगावला सुनंदाच्या भावाचा बंगला मिळाला होता. तिथला व्हीसीआर अजून चालतो आणि आमचा लाडका सिनेमा फक्त कॅसेटवर आहे.

कामशेतच्या अलीकडेच माझ्या लक्षात आलं, की मांडीवरच्या कॅसेटमध्ये काहीतरी खुळखुळतंय. मंदाने शांतपणे सांगितलं, की कॅसेटला ओल लागली म्हणून तिने ती दोन दिवस इंद्रायणीच्या (आमच्या मावळातला वासाचा, चिकट तांदूळ) डब्यात पुरून ठेवली होती. मोबाइल भिजला तेव्हा हाच उपाय चालला होता म्हणे. अगं, कॅसेटला ही एवढाली भोकं असतात! पस्तीस वर्षं विज्ञान शिकवलं या बाईने. मी कपाळाला हात लावला.

त्यात सुनंदाचा हट्ट, आधी लोहगडवाडीला जायचं. चाळीसेक वर्षांपूर्वी त्या सिनेमाचं शूटिंग तिथल्या रानात झालं होतं. पोचलो तर असं धुकं, की किल्लाही दिसेना. शेवटी एका टपरीवर पिठलं-भाकरी खायला बसलो. भाकरी मात्र झकास होती. सुनंदाला गप्प बसवेल तर शपथ. तिने टपरीवाल्या बाईंना आमचा आवडता प्रसंग रंगवून सांगितला: हडळ केस सोडून यायची, तर ही हनुवटीपर्यंत पदर ओढून, कंदील घेऊन, पाहुण्यांपुढे आल्यासारखी येते. आम्ही दोघी हसलो. बाई हसल्या नाहीत. ती हडळ म्हणजे आपली चुलती, सरूकाकी, असं त्या म्हणाल्या, आणि त्यांनी ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्या चुलत्यांना, आबांना, हाक मारली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आबा काठी टेकत आले. सरूकाकींना जाऊन वीस वर्षं झाली होती. तो सिनेमा त्यांनी कधी पाहिला नव्हता, आणि बायकोचा एकही फोटो घरात नव्हता.

"तोंड बगाया मिळंल का तिचं?" त्यांनी विचारलं.

सुनंदा म्हणाली, "मिळेल की आबा. चला आमच्याबरोबर."

मी तिला चिमटा काढला. गाडीकडे जाताना ती कानात कुजबुजली, की कुठेतरी दिसत असेल गं, हसण्याच्या नादात आपलं लक्ष गेलं नसेल. वीस वेळा पाहिलेला सिनेमा! मी वाटभर तिच्याशी बोलले नाही.

कुसगावला खिडक्यांना ब्लँकेटं लावून भर दुपारी अंधार केला. कॅसेट घातली, तर मशीन घरघरून थांबलं. मग मी चष्मा लावून केसातल्या पिनेने एकेक दाणा टोकरून काढत बसले. मंदा बॅटरी धरून होती आणि वर, तांदूळ जुना होता, असंही सांगत होती. आबा खुर्चीच्या कडेवर ताठ बसले होते. चिवड्याला त्यांनी हात लावला नाही.

तासाभराने चित्र आलं. दोरीला लटकणारं वटवाघूळ आलं, नायकाचा सरकलेला टोप आला. कोणी हसलं नाही. मग झाडामागून कंदील आला. सरूकाकी सहा-सात पावलं चालल्या आणि गेल्या. पदर हनुवटीपर्यंत.

आबांनी पुन्हा लावायला सांगितलं. मी लावलं. तिसऱ्या वेळी ते उठले, टीव्हीपाशी गुडघ्यांवर बसले आणि मान वाकडी करून खालून वर पाहू लागले, पदराच्या आत. मी घाईघाईने चित्र थांबवलं.

"म्याच सांगितलं व्हतं तिला," ते पडद्याकडे बघत म्हणाले. "यवढ्या बाप्यांत पदर सोडू नको म्हनलं, आन् कामाला गेलो. वाटलं व्हतं, माझ्या माघारी तरी तिनं ऐकलं नसंल."

दुसऱ्या कोणी हे सांगितलं असतं, तर मी चार शब्द सुनावले असते. मुलींच्या बाजूने बापांशी भांडण्यात माझी अख्खी नोकरी सरली. रागही आला, खोटं कशाला बोलू? पण ते तसेच जमिनीवर बसले होते. मी विचारलं, "आबा, आणखी एकदा लावू?"

"नगं. घरला सोडा मला."

लोहगडवाडीला परत आलो तेव्हा धुकं तसंच होतं. टपरीवाल्या बाई धावत गाडीपाशी आल्या आणि काकी दिसली का म्हणून विचारू लागल्या. आबा सावकाश उतरले. आमच्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

"व्हय," ते म्हणाले, "दिसली. लय छान दिसत व्हती."