तांबडे टेकू

लाकडी घरं बांधणाऱ्या त्या कारखान्यात सगळे त्याला ओळंबा म्हणत, भिंत सरळ उभी आहे का ते बघायच्या वजन लावलेल्या दोरीवरून. खरं नाव फक्त हजेरीपटावर. खांब केसभर कलला असला तरी त्याला लांबूनच दिसायचं आणि कपाळाला आठी पडायची. जेवायला बसला तरी शेजारच्याचा डबा आधी सरळ करून ठेवायचा. त्यावरून चेष्टा व्हायची. "अरे, तुझ्या बायकोचं नाक वाकडं असलं तर काय करशील?" असं कुणीतरी विचारायचंच. त्यानं लग्नच केलं नाही. धाकट्या भावाला त्याच कारखान्यात हाताखाली घेऊन सुतारकी शिकवली, त्याचं लग्न लावून दिलं, आणि त्याच्याच घरात समोरची खोली घेऊन राहिला.

घरं असायची ती खांब-तुळईची. भिंतीचा सांगाडा जमिनीवर आडवा जोडायचा: खांबाच्या टोकाचा निमुळता कुसू तुळईच्या खाचेत बसवायचा, वरून लाकडी खुंटी ठोकायची. मग माणसं लावून सांगाडा उभा करायचा. समोरची भिंत उभी राहून दोन्हींना जोडणारी तुळई वर चढेपर्यंत तो स्वतःच्या बळावर काही उभा राहत नाही. तोवर त्याला दोन्ही टोकांना तिरक्या फळ्यांचे टेकू मोळ्यांनी, म्हणजे मोठ्या खिळ्यांनी, ठोकून ठेवायचे.

त्या दिवशी ओळंबा शिडीवर होता. जोडतुळई खाचेत बसत आली होती, एवढ्यात भिंत बाहेरच्या बाजूला झुकली. आरडाओरडा झाला. तो खाली पडला आणि तुळई त्याच्या पाठीवर आली. शुद्धीवर आला तेव्हा कमरेखालचं अंग त्याचं राहिलं नव्हतं.

"मोळा सुटला रे टेकूचा," भेटायला आलेल्यांपैकी कुणीतरी म्हणालं. टेकूची फळी जमिनीवर पडलेली सगळ्यांनी पाहिली होती. तो टेकू ओळंब्यानंच ठोकला होता. म्हणजे चूक त्याचीच. आयुष्यभर दुसऱ्याच्या चुका काढणाऱ्या माणसाच्या हे जिव्हारी लागलं. पाय गेले त्याबद्दल तो फारसं बोलायचा नाही. मोळ्याबद्दल मात्र पुन्हा पुन्हा बोलायचा. "एकच मोळा मारला मी. दुसरा मारायला काय धाड भरली होती मला?" धाकटा उशाशी बसून त्याचे पाय चोळत असायचा. तो म्हणायचा, "जाऊ दे ना दादा."

धाकट्यानं त्याचं सगळं केलं, यात शंका नाही. सकाळी उचलून संडासला न्यायचं, आंघोळ घालायची, चाकाच्या खुर्चीत बसवायचं, मगच कामाला जायचं. संध्याकाळी आल्यावर पुन्हा तेच. शेजारीपाजारी म्हणायचे, भाऊ असावा तर असा. धाकटा ते ऐकून मान खाली घालायचा. लोकांना वाटायचं, किती विनयशील आहे.

भावजय एका फर्निचरच्या दुकानात होती. गिऱ्हाइकांना त्यांचं स्वयंपाकघर कसं दिसेल ते कॉम्प्युटरवर काढून दाखवायचं, हे तिचं काम. दीर दिवसभर खुर्चीत बसून छताकडे बघत राहतो, हे तिला सोसेना. दुकानातला एक जुना लॅपटॉप तिनं घरी आणला.

"भाऊजी, यात घरं बांधता येतात."

"माझी पुरे झाली बांधून."

"इथं पडायची भीती नाही," ती बोलून गेली आणि जीभ चावली. ओळंबा मात्र हसला. अपघातानंतर पहिल्यांदाच.

पहिले काही आठवडे नुसता गोंधळ. माऊस एकीकडे, भिंत दुसरीकडे. एकदा अख्खं छप्पर घराच्या बाजूला जमिनीवर काढून ठेवलं. भावजय पोट धरून हसली. पण त्याचा खरा राग वेगळाच होता. त्या सॉफ्टवेअरला भिंत म्हणजे सलग भिंत एवढंच कळायचं. या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढली की झाली तयार, आतून पोकळ की भरीव कोण जाणे. खांब नाही, तुळई नाही.

"ही भिंत उभी कशावर आहे?" तो विचारायचा.

"भाऊजी, ते चित्र आहे. त्याला कशाला काय लागतं?"

"मग मला नको."

पण सोडलंही नाही. वाट भावजयीनंच काढली. सॉफ्टवेअरमध्ये गॅलरीचा कठडा काढायची सोय होती. कठड्याला उभ्या दांड्या असतात, वर आडवी पट्टी असते. तिनं कठड्याची उंची छतापर्यंत वाढवली, दांड्या जाड केल्या, एकमेकींपासून लांब सरकवल्या, वरच्या पट्टीची जाडी वाढवली. पडद्यावर खांब आणि तुळई उभी राहिली.

ओळंबा कितीतरी वेळ बघत राहिला. "म्हणजे याच्या लेखी हा कठडाच आहे?"

"त्याच्या लेखी कठडा. आपल्या लेखी भिंत."

मग मात्र तो झपाटला. खांबांमधल्या जागेत पातळ भिंतीचे तुकडे बसवायला शिकला. खिडकीपाशी खांब आपोआप सरकून खिडकीच्या मधोमध यायचा, त्याला वठणीवर आणलं. कोपऱ्यात दोन कठडे मिळाले की दोन खांब एकमेकांत घुसायचे; एक काढून टाकायचा, हे हेरलं. तिरके आधार सॉफ्टवेअरमध्ये नव्हतेच. ते त्यानं एकेक करून फळी तिरकी फिरवून बसवले.

धाकट्यानं ही चित्रं कारखान्याच्या मालकांना दाखवली. मालक घरी आले. नवीन कामगारांना भिंत कशी उभी करायची हे तोंडी सांगून कळत नव्हतं. पायरीपायरीनं चित्रं करून देशील का, असं त्यांनी विचारलं. ओळंब्याला पुन्हा काम मिळालं.

प्रत्येक चित्रात तो तात्पुरते टेकू दाखवायचा, आणि ते तांबडे रंगवायचा. बाकी सगळं घर लाकडाच्या रंगाचं, टेकू तेवढे तांबडेलाल. सगळ्यात शेवटच्या चित्रात, जोडतुळया बसल्यावर, ते नाहीसे व्हायचे.

धाकट्याला ते बघवत नसे. चहाचा कप ठेवताना तो पडद्याकडे पाठ करायचा. एका रविवारी दुपारी, भावजय बाहेर गेलेली असताना, तो म्हणाला, "हे तांबडं काढून टाक ना. डोळ्यात खुपतं."

"खुपावं म्हणूनच रंगवलंय. हे नव्या पोरांसाठी आहे." ओळंब्यानं खुर्ची जरा पुढे घेतली. "हे बघ, प्रत्येक टेकूला दोन मोळे दाखवलेत. मी एक मारला आणि काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. माझं नाव सांगून शिकव त्यांना. लाज वाटायचं काही कारण नाही. माझ्या हलगर्जीपणानं निदान दुसऱ्या कुणाची पाठ—"

"तुझा मोळा सुटला नव्हता, दादा."

"काय?"

"मी काढला होता टेकू." धाकटा भिंतीला टेकून खाली बसला. "हातगाडी घराच्या जोत्यावर चढवायला फळी हवी होती. दुसरी लांब पडली होती. म्हटलं, गाडी चढवतो आणि लगेच परत ठोकतो. तेवढ्यात तिकडून हाक आली. मी गेलो, आणि विसरलो. तू शिडीवर चढलास ते मला दिसलंच नाही."

धाकटा रडत होता, पण आवाज न करता. ओळंबा पडद्याकडे बघत होता. रागावून ओरडावं असंही त्याला वाटेना. डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. मोळ्याबद्दल तो जेव्हा जेव्हा बोलला होता, तेव्हा हाच माणूस उशाशी बसलेला होता.

शेवटी तो म्हणाला, "मला पलंगावर ठेव."

दुसरं कोण होतं ठेवायला? धाकट्यानं नेहमीसारखे दोन्ही हात त्याच्या काखेखाली आणि गुडघ्याखाली घातले. ओळंब्यानं मान दुसरीकडे वळवली. एरवी तो भावाच्या गळ्यात हात टाकायचा. त्या दिवशी हात पोटावर घट्ट धरून ठेवले, त्यामुळे धाकट्याला पेलेना, आणि पलंगावर ठेवताना तो जरासा आपटलाच.

दुसऱ्या दिवसापासून त्यानं हट्ट धरला. धाकट्यानं हात लावायचा नाही. संडासचं भांडं खुर्चीखालीच बसवून घेतलं. झोपायचं तेही खुर्चीतच. भावजयीला काही माहीत नव्हतं. "काय झालंय तुम्हा दोघांत?" ती विचारायची. दोघंही तोंडातून ब्र काढत नव्हते. तिनं एकटीनं उचलायचा प्रयत्न केला, पण तिच्या कमरेत उसण भरली आणि ती दोन दिवस वाकून चालली. तरी हा ऐकेना. दिवसरात्र खुर्चीत बसून घरं काढत राहिला.

ज्याला अंगाची जाणीव नाही, त्याला जखमेचीही नसते. वास यायला लागला तेव्हा भावजयीनं बळेच त्याला एका कुशीवर कलंडवून पाहिलं, आणि तिचा हात तोंडावर गेला. बैठकीवर तळहाताएवढा खड्डा पडला होता.

हॉस्पिटलमध्ये त्याला पालथं झोपवलं. कुजलेलं मांस कापून काढलं. ताप उतरेना. डॉक्टरीणबाई स्पष्ट बोलणाऱ्या होत्या. "विष रक्तात गेलं तर माझ्या हातात काही राहणार नाही," त्या म्हणाल्या. तिथल्या बाकड्यावर बसून धाकट्यानं बायकोला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मग उठली, आणि त्याच्यापासून दूरच्या बाकड्यावर जाऊन बसली.

ओळंबा वाचला. पण खुर्चीत बसणं संपलं. जखम भरायला वर्ष लागेल, कदाचित भरणारही नाही, असं सांगितलं गेलं. दर दोन तासांनी कुणीतरी त्याला वळवायला हवं होतं. धाकट्यानं मालकांना खरं काय ते सांगून टाकलं आणि भिंती उभ्या करायचं काम सोडलं. मालकांनी त्याला घराजवळच्या वखारीत लाकूड कापायला लावलं, म्हणजे मध्ये मध्ये घरी येता येईल.

ओळंब्याला घरी आणल्यावर पहिल्या दिवशी धाकटा पलंगाशी येऊन नुसता उभा राहिला. पुढे व्हायची हिंमत होईना.

"उचल," ओळंबा पालथा पडल्या पडल्या म्हणाला. "हौसेनं नाही म्हणत. दुसरा इलाज नाही म्हणून."

"दादा, एकदा माफ—"

"ऐक. पडलो त्याचं मला काही नाही. कुणाच्याही हातून होतं. त्याच संध्याकाळी सांगितलं असतंस, तर मीच तुझी समजूत घातली असती." त्याला दम लागला. "पण मी स्वतःला शिव्या घालत होतो, आणि तू शेजारी बसून ऐकत होतास. 'जाऊ दे ना दादा' म्हणत होतास. त्याचं काय करायचं, मला कळत नाही. कळेल असंही वाटत नाही. तेव्हा पुन्हा विचारू नकोस."

धाकट्यानं पुन्हा विचारलं नाही.

भावजय घर सोडून गेली नाही. नवऱ्याशी कामापुरतं बोलू लागली. दिरासाठी तिनं एका बुटक्या स्टुलावर लॅपटॉप ठेवला, पालथ्या माणसाचे हात पोचतील असा. थोडा वेळ काम केलं की त्याचे खांदे भरून यायचे. पूर्वी जी भिंत एका सकाळी व्हायची, तिला आता आठवडा लागू लागला. मालक थांबायचे, पण किती थांबणार? कारखान्यात दुसरा एक जण ते सॉफ्टवेअर शिकत असल्याचं ओळंब्याच्या कानावर आलं होतं.

हिवाळ्यात जखम पुन्हा चिघळली, पुन्हा बरी झाली. दर दोन तासांनी धाकटा वखारीतून यायचा, अंगावरचा भुसा दारातच झटकायचा, हात धुऊन पलंगाशी यायचा. एक हात खांद्याखाली, एक मांडीखाली. पाय एकमेकांवर घासू नयेत म्हणून मध्ये उशी.

"डावा पाय," ओळंबा एवढंच म्हणायचा.

धाकटा डावा पाय सरळ करायचा. मग स्टूल नव्या कुशीच्या बाजूला आणून ठेवायचा, लॅपटॉप त्याच्याकडे वळवायचा, आणि परत वखारीकडे निघायचा.